आपल्याच माणसाचा बळी पक्ष केव्हा देतो?

महालकर (धागाकर्ता)

मंत्र्याचा राजीनामा झाला की बातमीत 'नैतिक जबाबदारी' येतेच. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. पण 'सगळे पक्ष आपल्या लोकांना पाठीशीच घालतात' हेही पूर्ण खरं नाही. विरोधक अख्खं अधिवेशन विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा देत बसतात तेव्हा पक्ष ढिम्म असतो. मग एके दिवशी, आरोप तेच, कागद तेच, माणूसही तोच, तरी वरून फोन येतो आणि साहेबांचा लाल दिवा जातो (दिवा आता नसतो, समजून घ्या). मधल्या काळात बदलतं काय, यासाठी हा धागा.

महाराष्ट्रात चार मुख्यमंत्री अशा प्रकरणांत गेले. अंतुले जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंटचा कोटा आणि ट्रस्टच्या देणग्या यांचा संबंध उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी मान्य केल्यावर. निलंगेकर १९८६ मध्ये, मुलीच्या एमडी परीक्षेच्या गुणांवरून न्यायालयाने ताशेरे मारल्यावर. मनोहर जोशी जानेवारी १९९९ मध्ये, पुण्यात शाळेसाठी राखीव असलेल्या जागेवर जावयाची इमारत उभी राहिली त्यावरून. आणि अशोक चव्हाण नोव्हेंबर २०१० मध्ये, मुंबईतल्या 'आदर्श' सोसायटीमुळे. पहिल्या दोघांच्या वेळी न्यायालयाने पक्षाचं काम करून दिलं होतं. पुढच्या दोघांच्या वेळी वरच्यांनी शेवटच्या निकालापर्यंत थांबायची तसदी घेतली नाही.

आता खुर्ची कुणाकडे गेली ते बघा. बाबासाहेब भोसले, शंकरराव चव्हाण, नारायण राणे, पृथ्वीराज चव्हाण. चारही वेळा त्याच पक्षाचा माणूस बसला, सरकार एक दिवसही डळमळलं नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की खुर्ची घरातच राहणार याची खात्री असली आणि त्या खुर्चीवर डोळा ठेवून घरातलाच कुणी बसलेला असला, की प्रकरण 'गंभीर' होतं. या दोन्हींतली एकही गोष्ट नसेल तर कितीही पुरावे आणा, 'कायदा आपलं काम करेल' हे ऐकून घरी जायचं.

त्यात २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्या २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्री धरून ४३. तीन पक्षांत वाटले तर कुणाच्या पदरात किती पडतात, आणि गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले किती असतात, ते डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात आमदार निवासात तासभर नुसतं बसलं तरी कळतं. एका मंत्र्याचं प्रकरण बाहेर आलं की त्याच्याच पक्षातल्या दहाजणांच्या आशेला पालवी फुटते. विरोधकांच्या आरोपाला जोर येतो तो तिथून.

वऱ्हाडी_भाऊ

राजेहो, एवढ्या लांब कायले जाता? आपल्या नागपूर जिल्ह्यातलंच पाहा ना. सावनेरचे सुनील केदार. जिल्हा बँकेचा घोटाळा २००२ चा. रोखे घेतो म्हनून १५० कोटीच्या आसपास पैसा गेला, शेतकऱ्यायचा. केस चालूच होती अन् काँग्रेसनं २०१९ ले त्यायले मंत्री केलं. २०२३ च्या डिसेंबरात पाच वर्साची शिक्षा लागली तवा आमदारकी गेली. थे बी पक्षानं नाई काढली, कायद्यानं गेली. अन् २०२४ ले सावनेरचं तिकीट कोनाले? त्यायच्याच घरात, पत्नीले. मंग तुमची जबाबदारी कुठी गेली थे सांगा.

महालकर

भाऊ, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय. सावनेरात काँग्रेस म्हणजे केदार. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतची माणसं पक्षाची कमी आणि त्यांची जास्त. त्यांना बाजूला केलं तर तिथे लढणार कोण? पक्षाकडे दुसरं नाव नाही, म्हणून हात लावायची हिंमत नाही. जागा शेवटी गेलीच, २०२४ ला भाजपचे आशिष देशमुख आले, ते वेगळं.

याच्या उलट जळगावकडे बघा. खडसेंसारखा चाळीस वर्षं पक्ष वाढवलेला माणूस, पण भोसरीच्या जमिनीच्या प्रकरणात जून २०१६ मध्ये राजीनामा झाला आणि २०१९ ला तिकीटही नाही. का? कारण त्याच जिल्ह्यात गिरीश महाजन तयार होते आणि मुंबईत मुख्यमंत्रिपदाचा हिशेब आधीच झालेला होता. प्रकरण केदारांच्या बँकेपेक्षा मोठं होतं म्हणून नव्हे.

सिव्हिललाइन्स_वकील

'कायद्यानं गेली' यावर थोडं. १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालाआधी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(४) मध्ये पळवाट होती. शिक्षा झालेल्या आमदार-खासदाराने तीन महिन्यांत अपील केलं की पद शाबूत. सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच काढलं. आता दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा लागली की त्याच दिवसापासून अपात्र. म्हणजे ज्या निर्णयाची जबाबदारी पक्षाला घ्यावीशी वाटत नव्हती, ती न्यायालयाने घेऊन टाकली. पक्षांना हे सोयीचंच आहे. आपल्या माणसाला तोंड दाखवताना 'आम्ही काय करणार, कोर्टच' म्हणता येतं.

दुसरी गोष्ट फारशा लोकांना माहीत नसते. फेब्रुवारी २०२० पासून गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला तर पक्षाला लेखी कारण छापावं लागतं की दुसरा स्वच्छ माणूस का मिळाला नाही. 'निवडून येण्याची क्षमता' एवढंच कारण चालत नाही. बिहारच्या निवडणुकीत हे नीट पाळलं नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये आठ पक्षांना दंड झाला. कुणाला एक लाख, कुणाला पाच. एका जाहीर सभेच्या मांडवाचा खर्च तरी त्यात निघतो का, विचारा कुणाला. त्या जाहिराती पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात. वाचून बघा, दहा उमेदवारांना एकच वाक्य चिकटवलेलं असतं.

शतपावली

महालकर, तुमचा सिद्धांत जरा जास्तच गुळगुळीत आहे. लोक चिडलेले असतात याला काहीच किंमत नाही का? 'आदर्श'च्या वेळी कारगिलच्या वीरपत्नींचं नाव आलं होतं. ते नसतं तर त्या इमारतीवर एवढा धुरळा उडाला असता? घोटाळा आकड्याने मोठा होत नाही, तो सामान्य माणसाला एका ओळीत समजला की मोठा होतो. शाळेच्या जागेवर जावई, एका ओळीत कळतं. पोरीचे गुण वाढवले, तेही कळतं. सिंचनाचं मात्र सुधारित प्रशासकीय मान्यता, मोबिलायझेशन ॲडव्हान्स, असलं काहीतरी. कुणाला कळलं?

महालकर

हा मुद्दा मान्य, पण अर्धा. चीड असते तेव्हा पक्ष घाबरतो हे खरं. पण कुणाला घालवायचं हे चीड ठरवत नाही. सिंचनाचंच घ्या, आपल्या विदर्भ पाटबंधारे महामंडळाचं. गोसीखुर्द सुरुवातीला ३७२ कोटींचा, १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. खर्च हजारो कोटींत गेला आणि शेतापर्यंत पाणी पोचायला पिढी गेली. ७० हजार कोटींचे आरोप झाल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवारांनी राजीनामा दिला. तो पक्षाने मागितलेला नव्हता, त्यांनी स्वतः दिला, आणि त्यांच्या पाठोपाठ राष्ट्रवादीच्या बाकी मंत्र्यांनीही राजीनामे पुढे केले. याला जबाबदारी म्हणायचं की इशारा? डिसेंबरात, नागपूरचं अधिवेशन तोंडावर असताना, ते परत उपमुख्यमंत्री.

पुढे तर कमाल झाली. याच नागपूर खंडपीठापुढे लाचलुचपत खात्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रतिज्ञापत्र दिलं की जबाबदारी अजित पवारांवर येते, आणि साधारण वर्षभराने दुसरं दिलं की येत नाही. मधल्या काळात कालव्यात काय बदललं? मुंबईत बरंच बदललं होतं.

झेरॉक्सवाला

मी इथे लिहीत नाही सहसा, वाचतो. पण हे वाचून राहवलं नाही. आमदार निवासाच्या बाजूला आमचं झेरॉक्सचं दुकान होतं. अधिवेशनात दोन मशिनी लावायचो, रात्री एक-दीडपर्यंत काम. लक्षवेधी, तारांकित प्रश्नांचे गठ्ठे, मोर्चाची निवेदनं, सगळं यायचं.

एका वर्षी एका मंत्र्याच्या खात्यातल्या खरेदीचं प्रकरण गाजत होतं. पक्षाचं नाव नाही सांगत, कोणताही धरा. रात्री एक पोरगा आला, हातात फाइल. म्हणे वीस सेट काढा, पण हे पान असं नको. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी धरायला सांगितली. मी पट्टी धरून काच झाकली. पट्टी हलली की वरचं नाव दिसायचं, ते कागद रद्द. रद्द झालेले सगळे त्याने मोजून परत नेले, टोपलीत टाकू दिले नाहीत. पण काचेवर उलटं ठेवताना दिसतंच हो. लेटरहेड त्या मंत्र्याच्याच पक्षाच्या आमदाराचं होतं. मूळ तक्रार त्याची, खात्यातून टिपणं मिळवलेली तीही त्याची.

सकाळी तोच सेट विरोधी पक्षाचे लोक पायऱ्यांवर हातात धरून टीव्हीवाल्यांना दाखवत होते. स्टेपल मारायची माझी सवय तिरकी आहे, डाव्या कोपऱ्यात आडवी नाही, तिरपी. टीव्हीवर ओळखू आली.

तेव्हापासून मी बातमी वाचली की आधी विचार करतो, पट्टी कुणी धरली असेल.

वऱ्हाडी_भाऊ

झेरॉक्सवाले भाऊ, अबे तुमी त अख्ख्या धाग्याचा निकालच लावून टाकला.

खामल्याची_मेधा

निकाल इतक्यात नको. झेरॉक्सवाल्या काकांचा किस्सा जबरदस्त आहे, पण त्यातून कळतं की आरोप कुठून येतो. पक्ष निर्णय का घेतो हे त्यातून कळत नाही. कागद बाहेर काढणारा आमदार वेगळा आणि राजीनामा मागणारा दिल्लीतला किंवा मातोश्रीवरचा माणूस वेगळा. त्याला दोघेही सारखेच.

आणि महालकरांच्या सिद्धांतात न बसणारं उदाहरण देते. येडियुरप्पा. जुलै २०११, खाणींवरचा लोकायुक्त संतोष हेगडेंचा अहवाल आला आणि भाजपने त्यांना पायउतार व्हायला लावलं. कर्नाटकात त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस पक्षाकडे नव्हता, लिंगायत मतं त्यांच्यामागे होती, हे दिल्लीला पक्कं ठाऊक होतं. तरी केलं. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, आणि २००८ ला ११० जागा जिंकलेला भाजप २०१३ ला ४० वर आला. त्यांच्या पक्षाला सहाच मिळाल्या, पण भाजपला पाडायला तेवढं पुरलं. जानेवारी २०१४ मध्ये सन्मानाने परत.

का केलं असेल? कारण तेव्हा दिल्लीत टूजी, राष्ट्रकुल स्पर्धा, लोकपाल हे सगळं तापलं होतं. काँग्रेसला भ्रष्ट म्हणायचं तर बंगळुरूत डाग नको. म्हणजे एका राज्यातली खुर्ची घालवूनही देशातला मुद्दा वाचवायचा होता. हिशेबच, पण तुमच्यापेक्षा लांबचा. आणि माझ्या मते पक्षांनी यातून जो धडा घेतला तो आपल्यासाठी वाईट आहे: जनाधार असलेल्या माणसाला पुन्हा असं करायचं नाही.

शतपावली

याच काळातलं आपल्या गडकरींचं. सप्टेंबर २०१२ मध्ये अध्यक्षांना लागोपाठ दुसरी टर्म मिळावी म्हणून पक्षाने घटना बदलली. मग गडकरींच्या 'पूर्ती' उद्योगसमूहावरून आरोप, जेठमलानींनी पक्षात राहून राजीनामा मागितला, आणि २२ जानेवारी २०१३ ला गडकरींनी स्वतःच माघार घेतली. दुसऱ्या दिवशी राजनाथ अध्यक्ष. सिद्ध काहीच झालं नाही. केजरीवालांनी तर मार्च २०१८ मध्ये माफीही मागितली. मग ही जबाबदारी ठरवणं होतं की दिल्लीकरांनी नागपूरकराचा काढलेला काटा? हे महालकरांच्या बाजूचंच उदाहरण आहे, पण उलटं. घरातला टपलेला असला की दोष सिद्ध व्हायचीही गरज नाही.

संपादक मंडळ

धागा चांगला चाललाय. दोन प्रतिसाद उडवले आहेत, त्यांत फक्त शिव्या होत्या. सिद्ध न झालेल्या आरोपांना 'आरोप'च म्हणा.

जर्सीतला_नागपूरकर

धरमपेठेत वाढलो, आता न्यू जर्सीत. इथलं एक उदाहरण महालकरांसाठी, कारण ते अगदी हवं तसं आहे.

आमचे माजी सिनेटर बॉब मेनेंडेझ, डेमोक्रॅट. त्यांच्यावर लाचखोरीचा खटला दोनदा झाला. पहिल्यांदा आरोपपत्र एप्रिल २०१५ मध्ये. पक्ष गप्प. खटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही, २०१८ ला पक्षाने तिकीट दिलं, ते निवडून आले. दुसऱ्यांदा सप्टेंबर २०२३ मध्ये, घरात रोकड आणि सोन्याच्या लगडी सापडल्यावर. या वेळी त्याच दिवशी त्यांच्याच पक्षाच्या गव्हर्नरने राजीनामा मागितला आणि काही दिवसांत निम्म्याहून जास्त डेमोक्रॅट सिनेटरांनी.

सोनं होतं म्हणून, असं तुम्ही म्हणाल. असेल. पण इथे सिनेटरची जागा रिकामी झाली तर तात्पुरता माणूस गव्हर्नर नेमतो. २०१५ ला गव्हर्नर होते रिपब्लिकन क्रिस क्रिस्टी. मेनेंडेझ गेले असते तर जागा विरोधकांच्या घशात. २०२३ ला गव्हर्नर मर्फी, डेमोक्रॅट. जुलै २०२४ मध्ये दोषी ठरले, ऑगस्टमध्ये गेले, मर्फींनी आपला माणूस बसवला. आठ वर्षांत पक्षाची नीतिमत्ता वाढली नव्हती, राज्यातला गव्हर्नर बदलला होता.

पण मेधाताईंसाठीही एक आहे. रिपब्लिकन जॉर्ज सँटोस, स्वतःबद्दल जवळपास सगळंच खोटं सांगून निवडून आलेला. रिपब्लिकनांचं बहुमत अगदी काठावर, तरी डिसेंबर २०२३ मध्ये त्याला सभागृहातून काढलं. ३११ विरुद्ध ११४, त्यात १०५ मतं त्याच्याच पक्षाची. जागा फेब्रुवारीत डेमोक्रॅटांकडे गेली. याला काढायला सगळ्यात पुढे कोण होते? न्यूयॉर्कमधलेच, शेजारच्या मतदारसंघांतले रिपब्लिकन. त्यांच्या जागा आधीच धोक्यात होत्या आणि हा माणूस त्यांच्या गळ्यात लोढणं झाला होता.

खामल्याची_मेधा

शेजारी! हे पटलं. खुर्चीवर टपलेला आणि लोढणं नको असलेला, हे दोन वेगळे लोक आहेत. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचे कमी, कारण आमदाराला पक्षाविरुद्ध मत देता येत नाही. व्हिप मोडला की आमदारकी जाते. त्या १०५ जणांसारखं इथे कुणी उठलं तर तोच घरी.

महालकर

मेनेंडेझचं उदाहरण आपल्याकडे लावून बघतो. आपल्याकडे मंत्रिपदाचा राजीनामा स्वस्त असतो: शपथविधी करा, दुसरा बसला. आमदारकीचा राजीनामा महाग: पोटनिवडणूक, खर्च, हरायची भीती. म्हणून पक्ष मंत्रिपद काढून घेतो, आमदारकीला हात लावत नाही. मंत्री म्हणून जो नको असतो तोच आमदार म्हणून हवा असतो. मला आठवतंय त्यात पक्षाने आपल्या आमदाराला घोटाळ्यावरून आमदारकी सोडायला लावल्याचं एकही उदाहरण नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

आणि आघाडी-युतीत तर मुख्यमंत्र्याच्या हातात तेवढंही नसतं. पद ज्याच्या कोट्यातलं, शिक्षेचा हक्क त्याचा. २०२१ मध्ये संजय राठोड सेनेचे, मुख्यमंत्री सेनेचे, राजीनामा फेब्रुवारीत झाला. आपले काटोलचे अनिल देशमुख राष्ट्रवादीचे, १०० कोटींच्या आरोपाचं परमबीर सिंगांचं पत्र २० मार्चला आलं, पण राजीनामा झाला उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशी सांगितली त्या दिवशी, ५ एप्रिलला. धनंजय मुंडे, तेही राष्ट्रवादीचे: त्यांच्या निकटवर्तीयावर बीडच्या सरपंचाच्या खुनाचा आरोप, प्रकरण डिसेंबर २०२४ पासून पेटलेलं, राजीनामा मार्च २०२५ मध्ये, खुनाचे फोटो घराघरांत पोचल्यावर. त्याच पक्षाचे कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमीवाल्या व्हिडिओनंतर नुसते कृषी खात्यातून क्रीडा खात्यात गेले. (खेळाचं खातं! यामागे कुणाची तरी विनोदबुद्धी असावी.)

वऱ्हाडी_भाऊ

अन् गेलेले परत येतेच, हे बी लिवा ना. जोशी जानेवारीत गेले, त्याच वर्षी केंद्रात मंत्री झाले, मंग लोकसभेचे सभापती. भुजबळ तेलगी प्रकरणात २००३ ले गेले, २००४ ले परत. राठोड २०२१ ले गेले, २०२२ ले दुसऱ्या सरकारात मंत्री. अशोकराव त आता 'आदर्श'वर सगळ्यात जास्त बोंबललेल्या पक्षाचेच खासदार झाले. ह्याले शिक्षा म्हनते का बाप्पा? आमच्या गावच्या तलाठ्याची बदली याच्याहून लांब होते.

सिव्हिललाइन्स_वकील

म्हणूनच मी राजीनामा मोजत नाही, एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) मोजतो. पुढच्या निवडणुकीत फॉर्म कुणाच्या हातात पडला? त्याच्या, बायकोच्या, मुलाच्या हातात पडला तर काहीच झालं नाही. तिकीट नाकारलं म्हणजे शिक्षाच, असंही नाही हं. २०१९ ला कामठीत बावनकुळेंचं कापलं तेव्हा त्यांच्यावर काही प्रकरण नव्हतं, आणि तीन वर्षांत ते प्रदेशाध्यक्ष झाले. पण घोटाळाही आहे, तिकीटही नाही, घरच्यांनाही नाही, असं तिन्ही जुळलेलं शोधा. प्रकाश मेहता आठवतात: २०१७ ला मुंबईतल्या एमपी मिलच्या झोपडपट्टी पुनर्विकासाचं प्रकरण, जून २०१९ मध्ये मंत्रिपद गेलं, त्या वर्षी घाटकोपरचं तिकीटही गेलं. खडसेंच्या बाबतीत मुलीला दिलं होतं.

शतपावली

वकीलसाहेब, एक शंका. पक्ष हकालपट्टी का करत नाहीत? नेहमी 'निलंबन' नाहीतर 'कारणे दाखवा'.

सिव्हिललाइन्स_वकील

कारण हाकललेला आमदार घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, विचित्र जागी अडकतो. १९९६ च्या विश्वनाथन निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की काढून टाकला तरी तो मूळ पक्षाचाच समजला जाईल. पुढे त्यावर प्रश्न उभे राहिले, ते नीट सुटले नाहीत. पक्षाचा वकील म्हणून मला कुणी विचारलं तर मीही निलंबनच सांगेन. दोर हातात राहतो, आणि विश्वासदर्शक ठराव आला की निलंबन मागे घेता येतं.

झेरॉक्सवाला

निलंबन मागे घेतल्याची पत्रंसुद्धा काढली आहेत आम्ही. ती एकच प्रत काढतात.